एच. आय. व्ही. बाधित मुले आणि शरीरातील शाळा



या ज्ञानसत्राच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही एच. आय. व्ही. बाधित मुलांचे नाव घेतले. त्यावर चालकांपैकी एका गृहस्थांनी, "वसंतातल्या संध्याकाळी लोक चार घटका गार वाऱ्याला येऊन बसतात, त्यांना हा विषय फार जड जाईल," अशी मैत्रीची सूचना केली. ती आम्ही नम्रपणे बाजूस ठेवली. कारण हा विषय केवळ शोकाचा आहे ही समजूतच आता जुनी झाली आहे. १९९० च्या सुमारास ज्या मुलांच्या आईबापांना सांगण्यासारखे डॉक्टरांपाशी काही नव्हते, तसलीच मुले आज महाविद्यालयांत जातात, नोकऱ्या धरतात, लग्ने करतात. हे कसे घडले, मोडून पडलेली प्रतिकारशक्ती मुलाच्या अंगात पुन्हा कशी उभी राहते, कुठवर उभी राहते आणि कुठे लंगडी राहते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगून टाकतो. हा रोग १९८१ साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेला आणि १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा विषाणू सापडला. आपल्या देशातील पहिले बाधित १९८६ साली मद्रासेस आढळले. डॉ. सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने जमविलेल्या रक्तनमुन्यांतून ते उघडकीस आले, आणि तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. या बाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेस स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

हा विषाणू रक्तातील ज्या पांढऱ्या पेशींवर झडप घालतो त्यांना 'सी. डी. ४' पेशी म्हणतात. त्या स्वतः फारशा लढत नाहीत. लढणाऱ्यांना हुकूम देतात. गावावर दरोडा पडला आणि पाटील, चौकीदार व तराळ यांना आधीच कोणी बांधून टाकले असले, तर गावात तगडे जवान असूनही गाव लुटले जाते. एच. आय. व्ही. झालेला माणूस मरतो तो बहुधा त्या विषाणूने नव्हे. क्षयाने, न्युमोनियाने, अतिसाराने मरतो. निरोगी माणसाने ज्यांची दखलही घेतली नसती असले किरकोळ जंतूसुद्धा त्याचा घात करतात.

आता या पेशी तयार कुठे होतात ते पाहू. आमच्या विषयाचे सारे मर्म येथेच आहे. त्या जन्मतात हाडांच्या मगजात. पण जन्मतात तेव्हा त्या अडाणी असतात. तेथून त्या छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ग्रंथीत शिकावयास जातात. तिला इंग्रजीत थायमस म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनी तिला 'यौवनलोपी ग्रंथी' असे नाव दिले आहे, आणि ते मोठे समर्पक आहे. कारण ही ग्रंथी बालपणी भरघोस असते व तारुण्य येता येता आटू लागते. ती शाळा म्हणजे जुन्या पंतोजींची शाळा आहे. तिथे परीक्षा दोन. ज्याला काहीच ओळखता येत नाही तो नापास, आणि जो घरच्याच माणसांवर हात उगारतो तोही नापास. नापास झालेल्याला पुन्हा बसण्याची सवलत नाही. त्याचा तिथेच निकाल लागतो. शंभरांतले जेमतेम तीन-चार पास होऊन बाहेर पडतात, आणि तेच रक्तात हिंडू लागतात.

या शाळेचा शोध मात्र अगदी अलीकडचा आहे. १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर या तरुण संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ते उंदीर साध्या संसर्गांनी मरू लागले, तेव्हा तिचे काम जगाला कळले. त्याआधी तिला निरुपयोगीच समजत असत. इतकेच काय, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य डॉक्टर ती 'फार मोठी' आहे म्हणून चांगल्या धडधाकट बाळांच्या छातीवर क्ष-किरणांचा मारा करीत, आणि पुढे त्यांतल्या काहींना गळ्याच्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे आढळून आले. ही ग्रंथी मोठी वाटण्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. शरीरशास्त्राचे ग्रंथ ज्या प्रेतांवरून लिहिले गेले ती गोरगरिबांची होती. उपासमार आणि दीर्घ आजार यांनी त्यांची ग्रंथी सुकून गेलेली असे. तोच आकार पंडितांनी नेमका धरला आणि पोटभर जेवणाऱ्या घरच्या बाळांची ग्रंथी त्यांना रोगट दिसू लागली! ही गोष्ट आम्ही गमतीखातर सांगत नाही. भूक या ग्रंथीला खाते, हे त्यातून ध्यानात घ्यावयाचे आहे.

लहान मुलाला एच. आय. व्ही. झाला म्हणजे काय होते? प्रौढ माणूस औषधाशिवायही बहुधा आठ-दहा वर्षे काढतो. बाळाला ही मुदत मिळत नाही. त्याची शाळा नुकतीच उघडलेली असते, शिकून तयार झालेली अनुभवी पेशी अजून नसते, विषाणूला अटकाव करणारे कोणी नाही आणि त्याला खाद्य मात्र विपुल. आफ्रिकेतील बाधित बालकांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा की, औषध न मिळालेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे दुसरा वाढदिवस पाहत नाहीत.

दुसरी अडचण मोजणीची. बाळाच्या रक्तात या पेशी मुळातच फार असतात. पहिल्या वर्षी एका घन मिलिमीटरला तीन हजारांच्या आसपास, आणि पाच-सहा वर्षांचा होईतो त्या प्रौढांच्या पातळीवर उतरतात. तेव्हा सहा महिन्यांच्या बाळाचा आकडा हजार आला आणि घरच्यांना 'हजार' हा शब्द ऐकून धीर आला, तर तो धीर खोटा. तेवढ्या वयाला हजार म्हणजे गंभीर घसरण. म्हणून पाच वर्षांखालील मुलांत नुसत्या संख्येपेक्षा टक्केवारी पाहण्याची चाल पडली. निदानाचेही तसेच. आईच्या रक्तातील प्रतिद्रव्ये वार ओलांडून बाळात उतरतात आणि दीड वर्षापर्यंत रेंगाळतात. त्यामुळे नेहमीची तपासणी निरोगी बाळालाही बाधित ठरवू शकते. खुद्द विषाणूचा माग काढणारी तपासणी करावी लागते. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर टिपून ती होते.

आता औषधांकडे वळू. या औषधांविषयी एक मोठा गैरसमज आहे की, ती 'ताकद देतात'. ती ताकद मुळीच देत नाहीत. ती एकही पेशी निर्माण करीत नाहीत. ती फक्त विषाणूला पिलावळ वाढवू देत नाहीत. शाळेवरचा दगडांचा वर्षाव थांबवितात, एवढेच त्यांचे काम. पुढे शाळा भरविते ते मूल स्वतः. प्रौढ माणसाला औषध दिले म्हणजे त्याच्या पेशी वाढतात, पण आरंभी वाढतात त्या बहुतांशी जुन्याच, गाठींतून दडलेल्या आणि पुन्हा बाहेर आलेल्या. त्याची शाळा बंद पडत आलेली असते. मुलात मात्र पहिल्यापासूनच नव्या, कोऱ्या पाटीच्या पेशी बाहेर पडू लागतात. शिकण्याची सारी शक्यता त्यांच्यात शिल्लक असते. हे वरदान वयाचे आहे, औषधाचे नव्हे. आणि वयाचे आहे म्हणूनच ते कमी कमी होत जाते.

मग औषध केव्हा सुरू करावे? पूर्वी म्हणत, बाळ खालावू लागले की सुरू करू. औषधे जहाल आहेत, जन्मभराची आहेत, थोडे थांबू. हा युक्तिवाद दिसायला समंजस होता. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग व केप टाउन येथे २००५ पासून याची परीक्षा झाली. सहा ते बारा आठवड्यांची, वरून चांगली दिसणारी बाधित बाळे घेतली. काहींना लगेच औषध दिले, काहींना खालावल्यावर. थांबलेल्या १२५ बाळांपैकी २० दगावली, म्हणजे शेकडा १६. लगेच औषध मिळालेल्या २५२ पैकी १० दगावली, म्हणजे शेकडा ४. प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्यांनी २००७ सालीच हात घातला आणि थांबविलेल्या बाळांचाही औषधासाठी तातडीने विचार करावयास लावला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वर्षाच्या आतील प्रत्येक बाधित बाळाला विनाविलंब औषध द्यावे असे सांगितले. २०१५ पर्यंत हाच नियम सर्व वयांना लागू झाला. समंजसपणाने माणसे मरतात याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

उशीर झालेल्या मुलांचे काय? युगांडा आणि झिंबाब्वे या देशांत बाराशेंवर मुलांना औषधे सुरू करून त्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. त्यातून निघालेले चित्र असे की, पेशी पहिल्या वर्षात भराभर चढतात, मग चाल मंदावते आणि एका पातळीवर त्या स्थिर होतात. ती पातळी कोणती, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: सुरुवातीला मूल किती वर्षांचे होते आणि किती खाली गेले होते. चार वर्षांचे मूल अगदी तळाला गेलेले असले तरी बरेच वर येते. दहा-बारा वर्षांचे मूल तितक्याच तळापासून निघाले तर पुष्कळदा निरोगी मुलाच्या पातळीला पोहोचतच नाही. पण जगते, खेळते, शिकते, हेही तितकेच खरे.

आमच्याकडे नातवाला घेऊन येणाऱ्या एका आजीबाईंनी एकदा विचारले, "डॉक्टर, पोराचा आकडा आता चांगला आला म्हणता, रक्तात इषाणूबी घावत न्हाई म्हणता, मग ह्या गोळ्या कशापायी गिळायच्या?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हटले, "आजी, बांध घातला म्हणून पाणी अडलं आहे. शेतात पाणी दिसत नाही म्हणून बांध फोडाल का?" आजींना तेवढ्यावर पटले. पण हाच प्रश्न थोरथोर शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका बाळाला अवघ्या तीस तासांच्या वयात औषधे सुरू केली गेली. दीड वर्षांचे झाल्यावर आईने त्याला आणणे बंद केले. पुढे ते परत आले तेव्हा औषधांवाचून असूनही रक्तात विषाणू सापडेना. २०१३ साली ही बातमी फुटली आणि 'बाळ बरे झाले' म्हणून जगभर दवंडी पिटली गेली. औषधावाचून सत्तावीस महिने गेले आणि जुलै २०१४ मध्ये विषाणू पुन्हा प्रकट झाला. तो काही पेशींच्या पोटात झोपून राहतो. औषधाला त्या झोपलेल्यापर्यंत जाता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतील त्याच प्रयोगातले एक मूल मात्र बाल्यातल्या चाळीस आठवड्यांच्या औषधानंतर साडेनऊ वर्षांचे होईतो औषधावाचून निरोगी राहिल्याचे २०१७ साली जाहीर झाले. पण असली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या भरवशावर कोणी आपल्या घरच्या मुलाच्या गोळ्या थांबवू नयेत.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यापायी कित्येकांचा उपचारांवरचा विश्वास उडतो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत मूल कधी कधी आधीपेक्षा अधिक आजारी दिसू लागते. ताप येतो, गाठी सुजतात, दडलेला क्षय उसळतो. जन्मताच डाव्या दंडावर टोचलेल्या बी. सी. जी. लशीमुळे काखेत गाठ येऊन ती पिकलेली आम्ही पाहिली आहे. आईला वाटते, औषध बाधले. वास्तविक उलटे घडलेले असते. इतके दिवस शत्रू घरात होता आणि ओरडायला कोणी नव्हते. आता नव्या पेशी जाग्या झाल्या आणि त्यांनी एकच गलका केला. हा गलका वैद्याच्या देखरेखीखाली पार पडू द्यावा लागतो. अशा वेळी औषध आपल्या मनाने सोडणे म्हणजे पहारेकरी ओरडला म्हणून त्यालाच हाकलून देणे होय.

शाळा पुन्हा भरली म्हणजे जुना अभ्यास आपोआप परत येतो, असे मात्र नाही. औषधापूर्वी मुलाला गोवराची लस दिलेली असली तरी तिची आठवण पुष्कळदा पुसली गेलेली असते. आकडा पूर्ववत झाला, पण गोवर ओळखणाऱ्या पेशी त्या गर्दीत नाहीत! म्हणून प्रतिकारशक्ती सावरल्यावर गोवराची आणखी एक मात्रा द्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आमच्या अनुभवात ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. टोचणीच्या कार्डावर खूण असते, घरचे निर्धास्त असतात. तसेच को-ट्रायमोक्झॅझोल या स्वस्त, जुन्या गोळीचे. झांबियात २००४ साली दिसून आले की, या एका गोळीने बाधित मुलांचे मृत्यू शेकडा ४३ ने घटले. तेव्हा त्या मुलांना विषाणूविरोधी औषधे मिळतच नव्हती. पुढे आफ्रिकेत, दोन वर्षांहून अधिक काळ उपचार घेऊन सावरलेल्या ७५८ मुलांपैकी निम्म्यांची ही गोळी थांबवून पाहिली, तर थांबविलेल्या मुलांत हिवताप व इतर संसर्गांनी इस्पितळात जाण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे कागदावर सावरलेले मूलही अजून पुरते सावरलेले नसते.

आणि अन्न. ती क्ष-किरणांची गोष्ट आठवा. ज्या घरी दूध-डाळ महिन्याच्या अखेरीस संपते, त्या घरी औषध वेळेवर असूनही शाळेच्या भिंती जाडजूड होत नाहीत. क्षय, जंत आणि उपाशी पोट यांचा बंदोबस्त हाही या रोगाचा उपचारच आहे.

औषधे मिळू कशी लागली, तो इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत निघाली, पण वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलर. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तोच पुरवठा ३५० डॉलरांत देऊ केला आणि बाजार हादरला. आपल्या सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत औषधे सुरू केली. मुलांसाठी निराळी योजना नोव्हेंबर २००६ मध्ये आली. तोवर मोठ्यांच्या गोळ्या मोडून, चुरून मुलांना देत. मुलांसाठी म्हणून निघालेले एक पातळ औषध तर इतके कडू की मुले ते ओकून टाकीत. त्यात शेकडा चाळीसांहून अधिक अल्कोहोल, आणि ते साठवायला फ्रीज हवा. कोणाच्या झोपडीत फ्रीज होता? २०२० च्या अखेरीपासून डोलुटेग्राविर नावाच्या औषधाची पाण्यात विरघळणारी, स्ट्रॉबेरीच्या चवीची गोळी निघाली आहे. ती चार आठवड्यांच्या बाळालाही चालते, आणि ती बनविणाऱ्यांत मुंबईची मॅक्लिऑड्स ही कंपनी आहे. तरीही २०२३ साली जगातील बाधित प्रौढांपैकी शेकडा ७७ जणांना औषध मिळत होते, तर मुलांपैकी केवळ ५७ जणांना. आणि त्या एका वर्षात शहात्तर हजार मुले या रोगाने गेली.

शेवटी त्या वयाकडे येतो, ज्या वयात आम्हांला सर्वांत जास्त धास्ती वाटते. बाळाला गोळी आई देते, शाळकरी पोराला आजी देते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोण देणार? त्याला वर्षानुवर्षे सांगितलेले असते की, या ताकदीच्या गोळ्या आहेत. एके दिवशी तो डबीवरचे नाव मोबाइलवर शोधतो आणि सारे त्याला एकट्याला कळते. त्यानंतर गोळ्या गादीखाली सापडू लागतात. दहा वर्षांत चढलेला आकडा थोड्याच महिन्यांत घसरतो, आणि अर्धवट घेतलेल्या औषधाला विषाणू सरावतो तो निराळाच. म्हणून खरी गोष्ट वयाच्या सहा ते बाराच्या दरम्यान, मुलाला झेपेल तशी टप्प्याटप्प्याने सांगावी, असे आता सर्वत्र मानतात. घरचे म्हणतात, "पोर शाळेत बोलून बसलं तर?" भीती खोटी नाही. वसतिगृहात पेटी कोणी उघडेल म्हणून गोळी चुकविणारी मुले आम्ही पाहिली आहेत. रक्ताच्या अहवालात त्या महिन्यांची घसरण स्वच्छ उमटलेली असते. आणि ती घसरण विषाणूने जितकी केलेली असते, तितकीच शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईबापांनी केलेली असते. हे आईबाप आपल्यापैकीच असतात. २०१७ च्या कायद्याने अशा मुलाला शाळेतून दूर ठेवण्यास मनाई केली आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: बारा वर्षांवरील समंजस भावंडाला आपल्या धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेशाच्या व औषधोपचाराच्या कागदांवर सही करता येते. असे कलम घालावे लागले, यावरून ही घरे कशी आहेत याची कल्पना यावी.

यांतल्या मुली आता आया होऊ लागल्या आहेत. काहीच उपाय न केल्यास अशा आईच्या बाळांपैकी शेकडा १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईचे औषध बिनखंड चालू असले आणि बाळालाही जन्मल्यावर दिले, तर हे प्रमाण पाचाखाली येते. अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले सहा आठवडे रोज औषध देऊन पाहण्याची जी चाचणी इथिओपिया, युगांडा व भारत येथे झाली, तिचे भारतातील काम पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले होते. आमच्या दवाखान्यात पूर्वी कडू औषध ओकून टाकणारी एक पोर परवा स्वतःचे बाळ घेऊन आली. बाळाची सहाव्या आठवड्याची तपासणी स्वच्छ आली आहे. अठराव्या महिन्याची तेवढी राहिली आहे, आणि तिची तारीख तिने आम्ही सांगण्याआधीच वहीत लिहून ठेवली होती.